काम सोडण्याचा हक्क

मार्च 1912 मध्ये कलकत्त्याला, व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी एक ठराव मांडला. हिंदुस्थानातून वसाहतींना करारबद्ध मजूर पाठवणं कायमचं बंद करावं, अशी त्यांची मागणी होती. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मॉरिशस, त्रिनिदाद, ब्रिटिश गियाना, फिजी, नाताळ इथल्या मळ्यांना माणसं हवी होती आणि 1834 पासून ती इथून बोटी भरभरून जात होती. मुंबई बंदरातूनही गेली. मॉरिशसमध्ये आजही नांदणारी अनेक मराठी घरं त्यांच्याच वंशजांची आहेत. 1910 साली गोखल्यांनी नाताळपुरता ठराव मंजूर करून घेतला होता. या वेळी त्यांनी सगळ्या पद्धतीलाच हात घातला आणि ठराव पडला. भरती थांबली ती 1917 मध्ये. तोवर गोखले हयात नव्हते.

मळ्यांवरचे हाल सांगण्याआधी गोखल्यांनी त्या भाषणात कराराची रचनाच उलगडून दाखवली होती. मजूर अनोळखी मुलखात जायला स्वतःला बांधून घेतो. तिथली भाषा, तिथल्या रीती त्याला ठाऊक नसतात. ज्या मालकाच्या वाट्याला येईल त्याच्याकडेच राबायचं. राहायचं मालकाच्याच जागेत, आणि परवान्याशिवाय तिथून हलायचं नाही. मुदत संपेपर्यंत सुटका नाही. मजुरी आधीच ठरलेली, तीही आसपासच्या मोकळ्या मजुरापेक्षा कमी. आणि काम सोडलं तर तो फौजदारी गुन्हा. या पद्धतीच्या पाठीराख्यांचं उत्तर ठरलेलं होतं: माणसं स्वखुशीने जातात, इथल्यापेक्षा जास्त कमावतात, गाठीला पैसा बांधून परततात, त्यांच्या आड येणारे तुम्ही कोण?

आखाती देशांत आज सुमारे 90 लाख भारतीय आहेत. त्यांतल्या मजूरवर्गाच्या हालांविषयी बोलायला गेलं की हेच उत्तर शब्दही फारसा न बदलता ऐकू येतं. म्हणून मला गोखल्यांची ती कलमं पुन्हा हातात घ्यावीशी वाटतात. स्थलांतरित कामगाराच्या हक्कांची चर्चा आपण बहुधा दुष्ट मालक आणि लबाड एजंट यांच्यापाशी सुरू करतो आणि तिथेच संपवतो. दुष्ट मालक सगळीकडे असतात. पण नाशिकच्या कारखान्यातला कामगार दुष्ट मालकाला सोडून शेजारच्या कारखान्यात जाऊ शकतो, आणि मालकालाही ते माहीत असतं. रियाधमधल्या हेल्परला वर्षानुवर्षं ती सोय नव्हती. त्याची मजुरी, त्याची खोली, त्याचं उन्हात उभं राहणं, हे सगळं या एका गोष्टीने ठरतं.

या व्यवस्थेला कफाला म्हणतात. कामगार देशात येतो तो कफीलच्या, म्हणजे त्याची हमी घेणाऱ्या मालकाच्या नावावर. सौदीत राहण्याचा परवाना, ज्याला आपली माणसं इकामा म्हणतात, तो मालकाने काढायचा आणि मालकानेच नूतनीकरण करायचं. त्याने ते केलं नाही, तर बेकायदा ठरतो कामगार. कामगार पळून गेला, अशी तक्रार मालकाने नोंदवली की त्याच्यावर ‘हुरूब’ लागतो. मग त्याला दुसरीकडे काम करता येत नाही, पकडला गेला तर कोठडी आणि परत पाठवणी. पगार थकल्याची दाद मागायला निघालेल्या माणसावर मालकाने आधीच हुरूब टाकलेला असतो, ही गल्फमध्ये राहिलेल्या कुणालाही नवलाची वाटणार नाही अशी गोष्ट आहे. गोखल्यांच्या यादीतलं शेवटचं कलम ते हेच.

ही व्यवस्था वाळवंटातली जुनी रीत आहे, अशी एक समजूत आहे. ओमर अल-शहाबी या अभ्यासकाने तिला चांगलाच धक्का दिला आहे. कफालाच्या आजच्या रूपाची मुळं त्यांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहरीनमधल्या ब्रिटिश अंमलात सापडतात. मोती काढणारे पाणबुडे आणि बाहेरून येणारे मजूर यांच्यावर नजर ठेवायची होती आणि त्यासाठी पुरेसे पोलीस नव्हते. तेव्हा जो आणतो त्यानेच जबाबदारी घ्यावी, अशी सोय लावली गेली. आखाताचा हा ब्रिटिश कारभार एके काळी मुंबई सरकारच्या हाताखाली होता आणि पुढे हिंदुस्थान सरकारच्या. मजुराला एका मालकाशी बांधून ठेवण्याची साम्राज्याची युक्ती मळ्यांवरून संपली; आखातात मात्र ती वाढीला लागली.

कतारचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, कारण 2022 चा फुटबॉल विश्वचषक तिथे झाला. जगाचं लक्ष गेल्यामुळे तिथे बदलही झाले आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. बहुतेक कामगारांची देश सोडायला मालकाची परवानगी घेण्याची अट 2018 मध्ये काढली. 2020 मध्ये नोकरी बदलायला मालकाचं ना-हरकत पत्र लागणार नाही, असा कायदा झाला. 2021 पासून 1,000 रियाल किमान वेतन लागू झालं. जेवण आणि राहणं मालकाने दिलं नाही, तर त्याचे 300 आणि 500 रियाल वेगळे. पण पळून गेल्याची तक्रार नोंदवण्याचा आणि परवाना रद्द करण्याचा अधिकार मालकाच्या हातात राहिला, आणि त्या एका अधिकाराच्या धाकाने बाकीचा कायदा अनेकांसाठी कागदावरच राहिला.

मृत्यूंचंही तसंच. ‘द गार्डियन’ने 2021 च्या फेब्रुवारीत दक्षिण आशियातल्या पाच देशांची आकडेवारी जमवून दाखवलं की विश्वचषक कतारला मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत या देशांचे 6,500 हून अधिक लोक तिथे मरण पावले, त्यांत भारतीय 2,711. हे सगळे स्टेडियमवरचे मजूर नव्हते आणि सगळे अपघातही नव्हते, हा कतारचा आक्षेप रास्त आहे. पण मग ते कशाने गेले? बहुतेकांच्या दाखल्यावर ‘नैसर्गिक कारण’ एवढंच लिहिलेलं होतं. पंचविशी-तिशीतले, जाण्याआधी वैद्यकीय तपासणीत पास झालेले पुरुष झोपेत हृदय बंद पडून जातात, हे नैसर्गिक कसं? 2019 मध्ये ‘कार्डिओलॉजी’ या नियतकालिकात नेपाळी कामगारांवरचा अभ्यास आला. 2009 ते 2017 मधल्या हृदयविकाराच्या 571 मृत्यूंपैकी सुमारे 200 मृत्यू उष्म्यापासून नीट संरक्षण मिळालं असतं तर टळले असते, असा त्याचा निष्कर्ष होता. दाखल्यावरच्या ‘नैसर्गिक’ या एका शब्दामुळे घरच्यांना भरपाईही मिळत नाही. उन्हाने जीव कासावीस झाल्यावर साधनं खाली ठेवून ‘मी आज करत नाही’ म्हणायची सोय असती, तर यातली कितीतरी माणसं घरी परतली असती.

12 जून 2024 रोजी कुवेतमधल्या मंगाफला कंपनीच्या कामगारांच्या इमारतीत पहाटे आग लागली. दोनशेच्या आसपास माणसं त्या एका इमारतीत राहत होती. पन्नासच्या सुमारास गेली, बहुतेक धुराने गुदमरून. त्यांत किमान 45 भारतीय होते. हवाई दलाच्या विमानाने शवपेट्या कोचीला आल्या. खोल्यांमध्ये पेट घेणाऱ्या साहित्याचे आडोसे उभारून माणसं वाढवली होती. त्यानंतर इमारतींच्या तपासणीबद्दल पुष्कळ बोललं गेलं. मला मात्र राहून राहून असं वाटतं की नोकरी आणि बिछाना एकाच हातात असेल, तर तपासनीस कितीही नेमा, खोलीविरुद्ध तक्रार करणारा माणूस त्या खोलीत सापडणार नाही.

आता जाण्याआधीची गोष्ट. समजा, मंडणगड तालुक्यातला एक सेंट्रिंगचं काम करणारा तरुण आहे. दहावी पूर्ण नसल्यामुळे त्याच्या पासपोर्टला ‘ईसीआर’चा शिक्का, म्हणजे ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी. मुंबईत एजंटकडे ट्रेड टेस्ट होते. एका आवारात फळ्या आणि टेकू लावून दाखवायचे, उभा राहिलेला परीक्षक दोन मिनिटांत पास-नापास सांगतो. नियमाने एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा कर एवढंच घेता येतं. पण मध्ये गावचा ओळखीचा माणूस असतो, त्याच्या वरचा असतो, आणि रक्कम लाखाच्या घरात जाते. पावती मिळालीच तर 30,000 ची. हे सगळे पैसे शेकडा तीन रुपये महिना व्याजाने उचललेले. कतारचं किमान वेतन धरलं तर हाती पडतात साधारण 23,000 रुपये. एका लाखाचं व्याजच पहिल्या महिन्याला 3,000. महिन्याला 12,000 फेडीला काढले, तरी कर्ज निल व्हायला दहा महिने लागतात. तेही पगार वेळेवर झाला तर. त्या दहा महिन्यांत त्याला कुणी काहीही सांगितलं तरी तो करणार. विमानतळावर उतरल्यावर कमी पगाराचा नवा, अरबीतला करार पुढे केला तरी सही करणार. मालकाच्या कुलपात पासपोर्ट ठेवायची गरजही नाही. गावातल्या सावकाराची वही तेच काम करते.

नोकरी मिळवायला गरीब माणूस पैसे मोजतो, ही या बाजाराची सगळ्यात विपरीत गोष्ट. दुबईच्या बँकेत मॅनेजर म्हणून जाणाऱ्याचं तिकीट कंपनी काढते, घर देते, मुलांच्या शाळेचं बघते. भरतीचा खर्च मालकाने सोसावा, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं जाहीर तत्त्व आहे. वरच्या थरात ते निमूट पाळलंही जातं.

विषमता म्हटलं की आपल्याला कौशल्यातला फरक आठवतो. इथे तो कितीसा आहे? 1950 आणि 60 च्या दशकांत कतार, बहरीन, कुवेत, दुबईत चलन होतं ते भारतीय रुपयाचं. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास वेगळ्या नोटा काढल्या आणि त्या 1966 पर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही, चालल्या. म्हणजे आपल्या आजोबांच्या हयातीत दोहाच्या बाजारात आणि रत्नागिरीच्या बाजारात एकच रुपया फिरत होता. पुढे तेलाचे भाव चढले, दरी पडली, आणि त्या दरीवरून कोकणातली, केरळमधली माणसं ये-जा करू लागली. गवंड्याच्या हातात काही बदललं नव्हतं.

अलीकडचा दाखला आणखी बोलका आहे. ऑक्टोबर 2023 नंतर इस्रायलने पॅलेस्टिनी बांधकाम मजुरांचे परवाने बंद केले आणि त्यांच्या जागी भारतातून माणसं नेली. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन ही भरती झाली आणि ती युद्धाच्या छायेत झाली. तिचं समर्थन मला करता येत नाही. पण हरियाणा-उत्तर प्रदेशात हजारो तरुण रांगेत उभे राहिले ते महिना सुमारे 1 लाख 37 हजार रुपयांसाठी. तीच सळई, तेच लादीकाम. कतारमध्ये त्याची कायद्याने किमान किंमत 23,000 आणि इस्रायलमध्ये तिच्या सहापट. फरक कुठून आला? इस्रायली किमान वेतन कायदा परक्या कामगारालाही लागू होतो, हे एक. आणि 2006 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी कामगाराला एका मालकाशी बांधून ठेवण्याची पद्धत त्याच्या मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे, असं ठरवून ती रद्द करायला लावली, हे दुसरं. राहणीमानाचा फरक आहेच. पण मजुरीचा भाव कारागिराच्या हाताइतकाच कायद्याच्या पुस्तकातही ठरतो. माणसाच्या मिळकतीतला फार मोठा भाग तो कुठल्या देशाचा नागरिक आहे यावर अवलंबून असतो, हे अर्थतज्ज्ञ ब्रँको मिलानोविच यांनी जगभरच्या आकडेवारीवरून दाखवलंच आहे.

याच्या विरुद्ध एक गंभीर युक्तिवाद आहे. मार्टिन रूस या अभ्यासकाने 2013 च्या ‘द प्राइस ऑफ राइट्स’ या पुस्तकात तो मांडला. श्रीमंत देश परक्या कामगारांना जितके जास्त हक्क देतात, तितकी कमी माणसं आत घेतात. जिथे हक्क तुटपुंजे, तिथे दारं सताड उघडी. आखाताने कोट्यवधी गरिबांना आत घेतलं, युरोपने घेतलं नाही. हक्कांचा आग्रह धरलात तर मंडणगडचा तरुण मंडणगडातच राहील. हा युक्तिवाद हृदयशून्य नाही. गल्फच्या पैशावर घर उभं राहिलेल्या माणसाला तो पटतो, आणि मी त्याला मोडीत काढणार नाही. मात्र सगळे हक्क सारखे खर्चिक नसतात. निवृत्तिवेतन, मुलांचं शिक्षण, कुटुंबाला आणण्याचा हक्क यांचा भार त्या देशाच्या तिजोरीवर पडतो. मालक बदलण्याच्या हक्काला तिजोरीतून एक दिरहमही लागत नाही. त्याने एका मालकाचं नुकसान होतं आणि दुसऱ्याला कामगार मिळतो.

याचा पडताळाही झाला आहे. संयुक्त अरब अमिरातीने 2011 मध्ये मुदत संपलेल्या कामगाराला जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाण्याची मुभा दिली. सुरेश नायडू, याव न्यार्को आणि शिंग-यी वांग या अर्थतज्ज्ञांनी तिचे परिणाम तपासले. तिथे असलेल्या कामगारांची कमाई वाढली. देश सोडून जाणं कमी झालं, आणि त्यामुळे आहे त्याच कंपनीत टिकणारेही वाढले. जाता येतं म्हटल्यावर मालकांनी पगार वाढवून माणसं धरून ठेवली. याच अभ्यासात असंही दिसलं की नव्याने येणाऱ्यांची मागणी घटली आणि त्यांची मिळकतही थोडी उतरली. रूस यांच्या म्हणण्यात तेवढं तथ्य आहे. पण या किमतीचा हिशेब लावताना बांधून ठेवलेल्या माणसाच्या मजुरीतून आजवर किती कापलं गेलं, हेही समोर ठेवायला हवं.

आणि हे आखातापुरतं नाही. कॅनडाच्या तात्पुरत्या परदेशी कामगार योजनेत अनेकांचा परवाना एकाच मालकाच्या नावाचा असतो; संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता यांनी तिला आधुनिक गुलामगिरीची पैदास करणारी जमीन म्हटलं आहे. पुण्या-मुंबईतल्या सुस्थित घरांनाही याची झळ ठाऊक आहे. एच-1बी वर अमेरिकेत असलेल्या मुलाची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर घर, गाडी, मुलांची शाळा सोडून निघायचं. त्या साठ दिवसांत घरात जी धास्ती असते, ती ज्यांनी फोनवर ऐकली आहे, त्यांना कफाला समजायला पुस्तक लागू नये. दोघांच्या परिस्थितीत जमीनअस्मानाचा फरक आहे. धास्तीचं कारण एकच आहे.

आपलं सरकार काय करतं? 2020 च्या सप्टेंबरमध्ये, महामारीने माणसं माघारी येत असताना, केंद्राने आखातासाठीच्या किमान संदर्भ वेतनात 30 ते 50 टक्के कपात केली. भारतीय मजूर महाग पडला तर काम बांगलादेशी किंवा नेपाळी माणसाला जाईल, ही त्यामागची भीती होती. आपणच आपल्या माणसाचा भाव पाडला. तेलंगणातून आवाज उठला, उच्च न्यायालयात याचिका गेली, आणि 2021 च्या जुलैत जुने दर परत आले. ही स्पर्धा कामगार पाठवणाऱ्या देशांनी एकत्र बसून थांबवायची असते. फिलिपाइन्सने घरकामगार बायकांसाठी 400 डॉलर किमान वेतनाची अट 2006 मध्येच घातली होती. आपण वेगळा उपाय शोधला: ईसीआर पासपोर्टवर तिशीच्या आतल्या बाईने घरकामाला जायचंच नाही. मग ती पर्यटक व्हिजावर जाते, आणि सरकारच्या कुठल्याच नोंदीत राहत नाही. स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 1990 मध्ये झाला, 2003 मध्ये अमलात आला. आखाती देशांनी तो स्वीकारला नाही, पश्चिमेतल्या श्रीमंत देशांनी नाही, आणि सगळ्यात जास्त माणसं परदेशात असलेल्या भारतानेही नाही. 2023-24 मध्ये देशात सुमारे 118 अब्ज डॉलर परदेशस्थांकडून आले आणि त्यातला सर्वांत मोठा, पाचवा हिस्सा महाराष्ट्रात आला, असं रिझर्व्ह बँकेच्या पाहणीने दाखवलं. एवढा पैसा पाठवणाऱ्यांसाठी आपण वाटाघाटीत काय मागतो, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला; 10,000 तरुणांची भाषा झाली. असे करार आणखी होतील, कारण युरोप म्हातारा होतो आहे आणि गरज त्यांची आहे. गरज त्यांची असताना मागून घ्यावं ते हे: परवाना व्यवसायाच्या नावाने असावा, मालकाच्या नावाने नको; नोकरी सुटली तर दुसरी शोधायला निदान सहा महिने मिळावेत; भरतीचा सगळा खर्च मालकाने द्यावा आणि कामगाराकडून घेतला असेल तर परत करावा.

हे मागताना मात्र समोरचा आपल्याला बीडबद्दल विचारू शकतो. दसरा उलटला की मराठवाड्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब कोयत्याचा, बाईच्या नावाने वेगळी मजुरी नाही. एक दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीतही खाडा परवडत नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीने 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या 13,861 बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हंगाम संपताना उचल फिटलेली नसते, ती पुढच्या वर्षावर चढते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. इथे व्हिजा नाही, इकामा नाही, परका देश नाही. काम सोडता न येणं मात्र तसंच आहे.

आपल्याकडे यासाठी कायद्याची वानवा नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 चा आहे. दिल्लीत आशियाई स्पर्धांची स्टेडियम उभारणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात, 1982 मध्ये, न्यायमूर्ती भगवतींनी स्पष्ट सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत, भुकेच्या दबावाखाली करून घेतलेलं काम ही सक्तीची मजुरी आहे आणि घटनेचं 23 वं कलम ती मना करतं. म्हणजे कतारच्या स्टेडियमचा प्रश्न जगाला पडण्याआधी तीसेक वर्षं आपल्या न्यायालयाने तो आपल्या स्टेडियमबाबत सोडवला होता. ऊसतोडीत तो निकाल उतरवायचा तर कारखान्याने मजुराशी थेट करार करावा, बाईची मजुरी बाईच्या खात्यात जमा व्हावी, खाडा बंद व्हावा, आणि उचल बाकी असली तरी हंगामाच्या मध्यात मुकादम बदलता यावा; बाकी राहिलेली रक्कम हे साधं देणं धरावं, माणूस अडकवून ठेवण्याचं कारण धरू नये. यासाठी रियाधची किंवा बर्लिनची मान्यता लागत नाही. साखर कारखाने इथले आहेत, त्यांचे संचालक इथल्याच विधानसभेत बसतात.